गुरुवारच्या अण्णांना ओ देणारी

गुरुवारच्या अण्णांची बायको वलवणला राहायची आणि मी तिची भाडेकरू होते. हे वाक्य मी आजवर शंभरेक जणांना तरी ऐकवलंय, आणि बहुतेकांनी माझ्याकडे ‘बाई रिटायर झाल्यापासून जरा...’ अशा नजरेनं पाहिलंय. पाहू देत. जन्मभर शाळेत शिकवलंय मी. न समजणाऱ्याला पुन्हा समजावून सांगायची मला सवय आहे, आणि पुन्हा सांगूनही न समजणाऱ्याला बाकावर उभं करायचीही होती.

तर अण्णा म्हणजे रेडिओवरचे अण्णा. साठच्या दशकात दर गुरुवारी संध्याकाळी पावणेआठला पंधरा मिनिटांची एक विनोदी मालिका लागायची. अण्णा नावाचा विसरभोळा, चिडका, मनानं चांगला असा एक कारकून, त्याचे साहेब, त्याचे शेजारी आणि त्याची बायको. गंमत अशी, की ही बायको कधीच ऐकू यायची नाही. अण्णा स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, “अगं, माझा चष्मा कुठाय?” मग क्षणभर शांतता. मग अण्णाच म्हणायचे, “काय? कपाळावर? अरे हो!” आणि घराघरांत हशा. मधल्या शांततेत ती काय बोलली, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी समजून घ्यायचं. साऱ्या महाराष्ट्रात ती बाई अशी मुकी होती. फक्त वलवणच्या आमच्या आळीत ती बोलायची, कारण तिथं ती आमची मावशी होती.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. सगळी आळीच तिला मावशी म्हणायची. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथंच राहिलं.

लोणावळ्याला नगरपालिकेच्या शाळेत मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते, नुकतीच पुण्याहून आलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. गावाजवळच वलवणला मावशीच्या घरातली एक खोली मिळाली. माझी खोली आणि तिचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुडाची भिंत, तीही वर आढ्यापर्यंत न पोचलेली. पहिल्याच सकाळी शाळेला उशीर होत होता. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, “कुठं ठेवली बाई मी किल्ली!”

पलीकडून खणखणीत आवाज आला, “कोनाड्यात हाय. कंदिलाच्या मागं.”

होती तिथंच. मी थक्क झाले. संध्याकाळी विचारलं, “मावशी, तुम्हाला कसं कळलं?” तर म्हणाली, “तुमी काल ठेवली तेवा वाजली की. फळीवर येगळी वाजती, कोनाड्यात येगळी.” आणि भाकरी थापायला लागली, जणू यात काही विशेष नाहीच.

प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हा तिचा धर्म. विचारणाऱ्याला उत्तर हवंय की नकोय, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. वह्या तपासताना मी कपाळाला हात लावून म्हणायचे, “काय करावं या मुलांना?” की पलीकडून, “दोन दिस रानात धाडा.” घाट चढून आलेल्या गाडीनं शिट्टी दिली की चुलीपुढून, “व्हय व्हय, कळलं.” तिची एक कोंबडी होती, मान वर करून ठुमकत चालायची, म्हणून तिचं नाव कलेक्टरीण. ही कलेक्टरीण नुसती कॉक्‌ करून गेली तरी मावशी हातातलं काम थांबवून विचारायची, “काय गं?” आणि खरंच वाट बघायची.

एकदा निवडणुकीची सभा होती. पुढारी मोठे, घसा त्याहून मोठा. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात पसरले आणि गरजले, “या वलवणला मी काय कमी पडू दिलं? सांगा! काय कमी पडू दिलं?” टाळ्या यायच्या आधीच आमची मावशी उठून उभी. “सांगती. येक, आमच्या आळीला नळ न्हाई. धरण हितं आन पाणी तितं. दोन, वढ्यावरची फळी मोडून दोन पावसाळं झालं. तीन...” तोवर पुढाऱ्यांच्या माणसांनी ‘बसा मावशी, बसा’ म्हणून गिल्ला केला. ही म्हणाली, “त्यांनीच इचारलं न्हवं? मला काय हौस हाय?” पुढाऱ्यांचं पुढचं भाषण आटोपतं झालं. सहा महिन्यांनी आळीत नळ आला. तिसरं काय सांगणार होतात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “तिसरं आठवायचं व्हतं अजून.”

तिचा नवरा मात्र दुसऱ्या टोकाचा. त्याला आम्ही आबा म्हणायचो. आबा रेल्वेत गँगमन होते. घाटात रुळांवर आलेल्या दरडी सुरुंग लावून फोडायच्या, त्या कामात त्यांचे दोन्ही कान गेले. कान गेले तसं बोलणंही आटलं. चहा हवा तर कप दाखवायचे, पाऊस येणार असेल तर आकाश दाखवायचे. वर्षानुवर्षं मी त्या घरात राहिले, पण आबांचा आवाज मी बोटांवर मोजण्याइतकाच ऐकला असेल. अशा माणसाच्या घरात अशी बाई! तिनं तीस वर्षं बोलावं आणि समोरून ओ म्हणून येऊ नये.

रिटायर झाल्यावर ह्याच आबांनी रेडिओ आणला. स्टेशन लागलं की उजळणाऱ्या हिरव्या डोळ्याचा, भला मोठा, आळीतला पहिला. मावशी म्हणे त्यांच्या अंगावर ओरडली होती, “तुमाला काय ऐकू येणार हाय का त्यातलं?” आबांनी एक बोट तिच्याकडे केलं आणि हिरव्या डोळ्याकडे बघत बसले.

पहिल्याच गुरुवारी अण्णांनी विचारलं, “अगं, माझा डबा भरलास का?” आणि थांबले. मावशी आतून म्हणाली, “भरला की. पिशवीत हाय.” अण्णा म्हणाले, “पिशवीत? बरं बरं.” ओट्यावर बसलेल्या बायाबापड्यांनी अशी काही दाद दिली, की तेव्हापासून ते गुरुवार सुरूच झाले. बाहेर ओटीवर रेडिओ, अंगणात आळी, आणि आत चुलीपुढं मावशी. अण्णा विचारायचे, मावशी सांगायची, अण्णा मान्य करायचे. लोक हसायचे ते मावशीच्या उत्तरांना. तिचं आणि अण्णांचं उत्तर बहुतेक वेळा जुळायचं. कधी नाही जुळलं तर अण्णांची काही धडगत नसे. “म्या असं कवा म्हणलं? माझ्या तोंडात काय पण घालतो मेला!” आबा मात्र रेडिओकडे बघायचे नाहीत. त्यांची नजर दारातून आत, मावशीच्या तोंडाकडे. सगळे हसले की मग जरा मागाहून आबा हसायचे.

मी शहाणी, पुण्याची. एकदा न राहवून म्हणाले, “मावशी, रेडिओतल्या माणसाला आपलं ऐकू जात नाही, माहितीय ना?”

“मी काय खुळी हाय?” मावशी फणकारली. मग तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, “बाई, माझं म्हायेर भुशीच्या वर, पठारावर. पाच घरं ह्या अंगाला, चार त्या अंगाला, मदी दरी. धुकं उतरलं की सवताचा हात दिसत न्हाई. मानूस वाट चुकला की हाळी देतो. हाळी आली की ज्याला ऐकू यील त्यानं ओ द्यायची. हातातलं टाकून द्यायची. ओ ऐकली की त्याला कळतं, घर कुठल्या अंगाला आन कडा कुठल्या अंगाला. न्हाई दिली तर त्यो एक पाऊल टाकील आन जाईल खाली. आमच्यात पोरीला सयपाकाच्या आदी हे शिकवत्यात. आता ह्यो मानूस इचारतो आन थांबतो. मग? मी गप बसू?”

सूप खाली ठेवून तीच पुढं म्हणाली, “पर येक इचारायचं हाय मला त्याला. त्यो थांबतो न्हवं, तवा त्याला काय ऐकू येतं? म्या जे बोलती, तसलंच का दुसरं काय? येकदा कळाय पायजे. येवढी वर्सं बोलती, बरुबर बोलती का न्हाई?”

हे तिनं असं विचारलं, की मला हसू आलं नाही.

आणि योग असा, की अण्णा लोणावळ्याला आले.

त्या काळी गावोगाव रेडिओ ऐकणाऱ्यांची श्रोता मंडळं होती. पोस्टकार्डं लिहायची, आवडनिवड कळवायची, आपलं नाव रेडिओवर आलं की पेढे वाटायचे. लोणावळ्याच्या मंडळाचे सेक्रेटरी एक डॉक्टर होते. स्वभावानं बरे, पण टापटिपीचं भारी वेड. त्यांनी ठरवलं, की मावळातल्या सगळ्या मंडळांचं एक संमेलन भरवायचं आणि खुद्द अण्णांना, म्हणजे अण्णांचं काम करणाऱ्या नटाला बोलवायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून निमंत्रणाचं पत्र मी लिहिलं. उत्तर आलं, ‘येतो.’ डॉक्टरांनी ते कार्ड चौकट करून दवाखान्यात लावलं.

संमेलनाच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. “बाई, तुमच्या घरमालकीणबाईंना जरा आवरा. निवडणुकीच्या सभेत काय झालं, माहितीय ना? पाहुणे मोठे आहेत. मध्येच काही बोलल्या तर आपल्या गावाची शोभा होईल.” डॉक्टरांकडे घरचा रेडिओ होता. आमच्या आळीतला गुरुवार त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मी ‘हो’ म्हणाले. का म्हणाले? कारण मलाही तिची लाज वाटत होती. पुण्याहून माझी बहीण येणार होती, शाळेतल्या बाकीच्या बाई येणार होत्या, आणि त्यांच्यासमोर माझी घरमालकीण उठून अण्णांशी भांडणार! आज हे लिहितानाही कान गरम होतात, पण खरं ते खरं.

“मावशी, रविवारी कार्यक्रमात मध्ये बोलायचं नाही हं,” मी म्हणाले. “लोक हसतील.”

“माझ्याव?”

“...हो.”

मावशीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “बरं. तुमी म्हणता तर न्हाई बोलत. सबूद दिला. पर मागनं त्यास्नी माझं तेवढं इचारू द्या.” तेवढं मी कबूल केलं.

रविवारी शाळेच्या सभागृहात नुसती धमाल. कामशेतचे, मळवलीचे, तळेगावचे, घोरावाडीचे श्रोते छातीला पुठ्ठ्याचे बिल्ले लावून हजर. एकानं आजवरच्या सगळ्या गुरुवारांचे सारांश वहीत उतरवून आणलेले. एक जण अण्णांसारखं खोकून दाखवत होता, दुसरा ‘असं नाही, असं’ म्हणून त्याच्यावर ताण करत होता. दाराशी आमच्या आळीतला एक गँगमन आणि घोरावाडीचा एक टपालवाला यांची हमरीतुमरी चालली होती. टपालवाला म्हणत होता, अण्णांची बायको बोलत नाही. गँगमन म्हणत होता, बोलते. “अहो, सहा वर्षं ऐकतोय मी, कधी बोलली नाही!” “मग तुमचा रेडिओ बिघडलाय. आमच्या वलवणला येऊन ऐका, कशी फाडफाड बोलती.” टपालवाला बिचारा खरंच विचारात पडला, की आपला रेडिओ दाखवून आणावा का.

आणि मग अण्णा आले. आम्हाला वाटलं होतं जाडजूड, मिश्यावाले. उतरले ते एक काटकुळे गृहस्थ, गळ्याला मफलर, तपकिरी कोट, तोंडात लवंग. कोणाचा विश्वास बसेना. मग ते म्हणाले, “जरा गरम पाणी मिळेल का?” आवाज अण्णांचा! झालं, सगळे खो खो हसले. ते बिचारे पुन्हा म्हणाले, “नाही, खरंच. घसा बसलाय.” लोक आणखी हसले. डॉक्टरसुद्धा. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूस जाईल तिथं काहीही मागो, लोक नुसते हसत असणार.

गर्दीतून मावशी आली. शाळेच्या शिपायाच्या खोलीतून तापवून आणलेला पाण्याचा पेला तिनं त्यांच्यापुढं धरला. “आपण कोण?” अण्णांनी विचारलं. मावशीचे ओठ घट्ट मिटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पदर सावरून मागे निघून गेली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता मावशी निघून गेली, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

कार्यक्रम सुरू झाला. पुढं खुर्च्यांवर निमंत्रित, मागं सतरंज्यांवर वलवण, भुशी आणि बाकीचा मावळ. मावशी आणि आबा मधोमध, मी त्यांच्या शेजारी. अण्णा हातात कागद घेऊन टेबलाशी बसले. बाकीची पात्रंही तेच करणार होते. त्यांनी विंगेकडे तोंड केलं.

“अगं, माझी छत्री कुठं ठेवलीस?”

आणि थांबले.

पुढच्या चार खुर्च्या हसल्या. मागं चिडीचूप. का, ते अण्णांना कळणं शक्यच नव्हतं. वलवणची माणसं वाट बघत होती, आणि त्यांना बघून शेजारचा मावळही थांबला होता. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न उत्तराशिवाय कधी ऐकलाच नव्हता. एकेक डोकं मावशीकडे वळलं. मावशी मांडीवर हात ठेवून, ओठ आवळून बसलेली.

“काय? दाराच्या मागं? बघितलं की मी तिथं,” अण्णा म्हणाले. हशा नाही. त्यांनी पुढचं वाचलं, शेजाऱ्याचा आवाज काढला, साहेबांचा काढला. मग पुन्हा विंगेकडे, “अगं, आणि माझा टॉवेल?” पुन्हा ती शांतता. आता तर पुढच्या खुर्च्याही हसेनात, त्याही वळून मागं बघायला लागल्या. अण्णांनी मफलर सैल केला. कपाळावर घाम. ज्या जागेवर सगळा महाराष्ट्र हसतो, त्या जागेवर हे लोक आपल्याकडे पाठ फिरवून दुसरीकडेच बघतायत! माणसाच्या तोंडचं पाणी पळणार नाही तर काय! डॉक्टर भिंतीशी उभे राहून खाणाखुणांनी लोकांना ‘हसा, हसा’ सांगत होते.

मावशीनं माझं मनगट धरलं. “बाई,” ती पुटपुटली, “त्यो धुक्यात उभा हाय.”

एवढी शिकलेली मी, आणि डॉक्टरांकडे बघत बसले.

अण्णांनी कागद खाली घेतला. तिसऱ्यांदा ते म्हणाले ते कागदावरचं होतं की नव्हतं, देव जाणे. “अगं... ऐकतेस ना?”

आणि त्या शांततेत असा आवाज उठला, की खिडकीची तावदानं हादरली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. आबा उभे राहिले होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण इतकी वर्षं तोंडाकडे बघून बघून कुठली जागा कधी येते, ते त्यांना पाठ होतं.

“बोल की गं! थांबलाय न्हवं त्यो!”

मावशी उठली. पण बोलली नाही. भर सभेत तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, सबूद दिलाय म्या तुमास्नी. बोलू का?”

सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय, डॉक्टर डोळे वटारतायत, माझी बहीण तोंडावर रुमाल धरून बसलीय. मी वर्गात ओरडते तशी ओरडले, “बोला मावशी! बोला!”

“ऐकती!” मावशी अण्णांना म्हणाली. “पयल्यापासनं ऐकती. छत्री दाराच्या मागं न्हाई. गेल्या गुरवारी न्हाव्याच्या दुकानात इसरून आलाय तुमी. आन टावेल खांद्यावर हाय तुमच्या, मफलर करून बसलाय त्याचा.”

अण्णांनी गळ्याला हात लावून बघितलं. छप्पर उडेल असा हशा झाला. अण्णांनी कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

“न्हाव्याकडं? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की! तुमी थांबता कुटं ऐकायला? लगीच आपलं फुडचं!”

पुढं अर्धा तास त्या दोघांचा संसार चालला. तो मी इथं लिहून काढणार नाही, काढला तरी त्यात तो आवाज येणार नाही. खोकण्याच्या स्पर्धेतले दोघंही पोट धरून लोळत होते. घोरावाडीचा टपालवाला आमच्या गँगमनला म्हणाला, “तुमचंच बरोबर हो.”

नंतर सातवीच्या वर्गात चहा होता. अण्णा बाकावर बसले होते, घसा पार बसलेला, पण चेहरा फुललेला. मावशी समोर जाऊन उभी राहिली. “येक इचारायचं हाय. तुमी थांबता न्हवं, तवा तुमास्नी काय ऐकू येतं?”

भोवतालचे हसले. अण्णा हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, “खरं सांगू, का बरं वाटेल असं सांगू?”

“बरं वाटायचं रेडिओत सांगता की. हितं खरं सांगा.”

“काही ऐकू येत नाही, मावशी. मी मनात आकडे मोजतो. एक, दोन, तीन, चार. चार झाले की पुढचं वाक्य म्हणतो.”

मावशीच्या तोंडावरचा रंगच गेला. कलेक्टरीण मुंगसानं नेली तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

“म्हंजी मी येवढी वर्सं बोलती,” ती म्हणाली, “आन तुमी आकडं मोजता?” मग जराशानं, हळूच, “आन चारच? चारात कुठली बाई बोलून हुती?”

अण्णांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टर ‘गाडी चुकेल, गाडी चुकेल’ करत आले आणि त्यांना घेऊन गेले. जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

त्या रात्रीपासून भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. सोमवारी मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “आज भाजी कसली करावी बाई?” काही नाही. मंगळवारी खडूचा डबा सापडेना, मी अर्धा तास शोधला, कोणी सांगितलं नाही. घाटातून गाडी शिट्टी देत आली आणि तशीच गेली. मला त्या घरात राहणं नको झालं. आपण इथं आलो तेव्हा ह्याच आवाजाला वैतागलो होतो, हे आठवून स्वतःचाच राग आला. बुधवारी मी कुडापाशी जाऊन म्हणाले, “मावशी, चुकलं माझं. तुम्हाला गप्प राहा म्हणायला नको होतं मी.” बराच वेळ काही नाही. मग एवढंच, “तुमचं काय न्हाई वं. कुणीच नव्हतं तितं. मीच आपली वरडत व्हते.”

गुरुवार आला. सवयीनं आळी अंगणात जमली. मावशीनं रेडिओकडे ढुंकून पाहिलं नाही. आत चुलीपुढं पाठ करून डाळ निवडत बसली. पावणेआठला दोन मिनिटं कमी असताना आबा उठले. आजवर त्यांनी तो रेडिओ कधी लावला नव्हता, पण त्या दिवशी त्यांनीच खटका दाबला आणि हिरवा डोळा उघडेपर्यंत तिथंच उभे राहिले.

साहेब झाले, शेजारी झाला. अंगणात कोणी हसेना. आणि मग अण्णा म्हणाले, “अगं, माझी छत्री सापडली का?”

मी नकळत मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

पाच. अण्णा बोलेनात.

सहा. सात. “बंद पडला का काय?” म्हणत गँगमन रेडिओवर थाप मारायला उठला. आबांनी त्याचा हात धरला. आठ. आत सुपावर फिरणारा हात थांबला. नऊ. हिरवा डोळा तसाच लखलखीत, आणि साऱ्या महाराष्ट्रात शांतता.

“सापडली,” मावशी म्हणाली. अजून पाठच होती. “न्हाव्यानं सवता आणून दिली. च्या पाजला त्याला.” अण्णा थांबलेलेच. ती वळली. रेडिओकडे बघत, एकेक शब्द चाचपत म्हणाली, “आन फुडच्या बारीला... बारीला दांड्याला दोरा बांधून देती. लाल. म्हंजी ध्यानात ऱ्हाईल तुमच्या.”

तेव्हा कुठं अण्णांचा आवाज आला, बसलेल्या घशातून, सावकाश.

“झालं तुझं सगळं बोलून? मग आता मी बोलू?”

मावशीनं हात पदराला पुसले आणि उठून दारात आली.

“बोला,” ती म्हणाली. “आता बोला.”

आणि आबा हसले. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी.